मजुरीची तारीख



चैत्र संपत आला की आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानात तेंदूला कोवळी पालवी फुटते. मग घरेच्या घरे पहाटेच रानाची वाट धरतात. ऊन चढायच्या आत पाने खुडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सांजेला फळीवर नेऊन मोजून द्यायचे. हंगाम म्हणाल तर अवघ्या काही आठवड्यांचा. पण त्यावर पुढच्या रोवणीचा खर्च असतो, मुलांची वह्यापुस्तके असतात आणि दुकानदाराची जुनी उधारीही असते.

२०२० साली हा हंगाम तोंडावर आला तेव्हा सगळा देश बंद होता. करोनाची साथ आली होती. त्या दिवसांत गावात जे प्रश्न विचारले जात होते ते आठवून पाहा. रानात गेलो तर चालेल काय? वाटेत पोलिसांनी अडवले तर काय सांगायचे? रोजगार हमीचे काम सुरू होणार की नाही? पोरगा मिरची तोडायला तेलंगणात गेला आहे, त्याची मजुरी बुडाली तर मागायची कोणाकडे?

गंमत अशी की यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सरकारी कागदावर आली होती. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या गृहमंत्रालयाने हुकूम काढून आदिवासींना आणि इतर वननिवासींना गौण वनउपज गोळा करायला मोकळीक दिली होती. बांबूच्या कामालाही परवानगी होती. पण कागद दिल्लीत निघाला म्हणजे तो भामरागडच्या किंवा कोरचीच्या पाड्यावर पोचला असे होत नाही. हुकूम निघणे ही एक गोष्ट आणि तो माणसाला कळणे ही दुसरी. या दोहोंमधल्या अंतरात किती मजुरी बुडते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तेव्हा आज मी तुमच्याशी याच विषयावर बोलणार आहे. साथ येते तेव्हा कामाचे आणि मजुरीचे कायदे भराभर बदलतात. त्यांच्या मागोमाग चालणे कष्टकरी माणसाला आजवर कसे जमले, कुठे जमले नाही, आणि पुढे कसे जमवता येईल? यासाठी थोडे मागे, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुंबईत जायला हवे.

१८८४ सालची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा हजारो माणसे राबत होती. त्यांतली पुष्कळशी रत्नागिरीकडची आणि घाटावरची. भल्या पहाटे कामाला जुंपायचे ते दिवस मावळेपर्यंत. आठवड्याची सुट्टी नाही. महिना भरला तरी पगार लगेच हाती पडत नसे, तो पुढच्या महिन्यात कधीतरी मिळे. या गिरणीकामगारांना एकत्र आणले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्या वर्षी सप्टेंबरात कामगारांच्या मोठ्या सभा झाल्या आणि एक अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजारांवर सह्या होत्या. अर्जातल्या मागण्या ऐका. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा.

ही शेवटची मागणी नीट ध्यानात ठेवा. पगार वाढवा असे त्यात म्हटलेले नाही. जो पगार घाम गाळून मिळवला आहे तो अमुक तारखेला द्या, एवढेच म्हटले आहे. मजुरीला तारीख असावी, हे मागणे मागण्यासाठी हजारो माणसांना सह्या कराव्या लागल्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती कथा तुम्हांला ठाऊक असेल. तारखेचे मागणे मात्र तसेच राहिले.

मग १८९६ चा सप्टेंबर उजाडला. मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी सापडले. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. पाहता पाहता शहरात घबराट उडाली. घरांवर छापे पडू लागले, माणसे उचलून इस्पितळात नेली जाऊ लागली. ज्याला गाव होते त्याने गावची वाट धरली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती.

आता गिरण्यांचे काय झाले ते पाहा. यंत्रे जागेवर होती, कापूस होता, पण हात नव्हते. कालपर्यंत महिना उलटून गेल्यावर पगार देणारे मालक आता रोजच्या रोज रोख मजुरी मोजायला तयार झाले. रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून एका गिरणीचा माणूस दुसऱ्या गिरणीच्या माणसापेक्षा चढा भाव बोलू लागला. १३ वर्षांपूर्वी अर्जाने जे मिळाले नव्हते ते प्लेगाने मिळवून दिले. अर्थात हे काही न्यायाने झाले नाही. माणूस दुर्मिळ झाला म्हणून त्याचा भाव वाढला, इतकेच. साथ ओसरू लागली आणि माणसे परत आली तशी ही रोजची मजुरी मागे पडली. कागदावर काही लिहिलेलेच नव्हते, मग दाखवणार काय?

सरकारने कायदा केला नाही असे मात्र नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. त्याने सरकारला प्रवाशांना तपासण्याचे, रोग्याला वेगळे ठेवण्याचे, हवे ते नियम करण्याचे अधिकार दिले आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली. त्या चार कलमांत मजुरीविषयी एक शब्द नव्हता. घर सील झाले, माणूस छावणीत गेला, तर त्या दिवसांची भाकरी कोठून यायची याचा विचार कायद्याने केला नव्हता.

लोखंडे त्या दिवसांत शहर सोडून गेले नाहीत. ते प्लेगच्या रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीत गेले. कायदा होऊन पाच दिवस झाले होते. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हा धडा शिकवाल तेव्हा एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. लोखंड्यांनी मागितलेली पगाराची तारीख कायद्यात आली ती १९३६ साली. वेतन अदायगीच्या त्या कायद्याने सांगितले की हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार सात तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत झाला पाहिजे. अर्ज १८८४ चा, उत्तर १९३६ चे. मध्ये बावन्न वर्षे गेली. तोही कायदा आधी कारखान्यांना आणि रेल्वेलाच लागू झाला. शेतावरचा आणि रानातला मजूर त्याच्या बाहेरच राहिला.

साथीचा आणि मजुरीचा दुसरा प्रसंग अहमदाबादचा. १९१७ साली तिथे प्लेग पसरला. विणकर पळून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी पगारावर जादा रक्कम देऊ केली. तिला लोक ‘प्लेग बोनस’ म्हणत. काहींच्या बाबतीत ती पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत गेली. साथ सरली आणि १९१८ च्या सुरुवातीला मालकांनी ही रक्कम बंद करायचे ठरवले. इकडे लढाईमुळे धान्य, कापड सगळे महागलेले. विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले. गांधीजींनी दोन्ही बाजू तपासून ३५ टक्के हा आकडा योग्य ठरवला. गिरण्यांना टाळे लागले, संप झाला, गांधीजींनी उपास केला. शेवटी आनंदशंकर ध्रुव यांना पंच नेमून वाद मिटला आणि पंचांनीही पुढे ३५ टक्केच मान्य केले.

या दोन प्रसंगांत फरक कोणता, हे तुमच्या ध्यानात आले असेल. मुंबईत साथीने दिलेली सवलत साथीबरोबर गेली, कारण ती टिकवायला कोणी एकत्र उभे नव्हते. अहमदाबादेत ती सवलत गेली, पण तिच्या जागी बोलून, मोजून, पंचासमोर ठरवलेली वाढ आली. दोन वर्षांनी, १९२० साली, तिथे मजूर महाजन ही संघटना उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, हे झाले शहराचे. आमच्या झाडीपट्टीचे काय? रास्त प्रश्न आहे. १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीवर माणसे गेली असे अंदाज आहेत, आणि ज्या प्रांतांना सर्वांत जबर तडाखा बसला त्यांत आपला त्या वेळचा मध्यप्रांत होता. धान कापणीचे दिवस आणि घरात उभे राहायला माणूस नाही. पण इथल्या मजुराच्या बाबतीत कायदा बदलला असे म्हणता येत नाही, कारण बदलायला कायदाच नव्हता. वनग्रामात राहायचे तर जंगलखात्याच्या कामाला जावे लागे. जमीनदारीच्या मुलखात बिगार होती. गावकऱ्यांच्या मजुरीचा विचार ज्यात लिहिलेला होता असा एक सरकारी दस्तऐवज म्हणजे दुष्काळी कामांचे नियम. खडी फोडा, माती उचला आणि पोटापुरते घ्या, असा त्याचा मथितार्थ. वेठबिगार कायद्याने पूर्ण बंद व्हायला १९७६ साल उजाडावे लागले.

मात्र त्या दुष्काळी कामांतूनच पुढे महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता : ज्याला काम हवे त्याला काम मिळालेच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी काम ही सरकारची मेहेरबानी होती, त्यानंतर तो हक्क झाला. २००५ साली देशाने तसाच कायदा केला. २००६ च्या फेब्रुवारीत तो ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही होते. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, आणि हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी. पाहा, पुन्हा तारीखच!

इतके पाठीशी घेऊन आता २०२० कडे परत येऊ.

२४ मार्चच्या रात्रीपासून टाळेबंदी जाहीर झाली. पुढच्या ऐंशी दिवसांत काय काय झाले ते सावकाश ऐका. २७ मार्चला शेतीच्या कामाला मोकळीक मिळाली. २९ मार्चला गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली हुकूम काढला की उद्योग असो, दुकान असो, टाळेबंदीत काम बंद असले तरी मालकाने कामगाराला ठरल्या तारखेला, कपात न करता मजुरी द्यावी. १ एप्रिलपासून महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजची मजुरी २०६ वरून २३८ रुपये झाली. १५ एप्रिलच्या हुकुमाने रोजगार हमीची कामे २० तारखेपासून अंतर राखून, तोंडाला कापड बांधून सुरू करायला परवानगी मिळाली. १६ एप्रिलला वनउपजाची मोकळीक आली. १९ एप्रिलला सांगितले की अडकलेल्या मजुरांना राज्यातल्या राज्यात कामाच्या जागी नेता येईल, पण राज्याची हद्द ओलांडता येणार नाही. २९ एप्रिलला तीही ओलांडायला परवानगी मिळाली आणि १ मेपासून मजुरांच्या खास गाड्या सुटल्या. १७ मेला नवा हुकूम निघाला आणि १८ तारखेपासून तो २९ मार्चचा मजुरीचा हुकूम उरला नाही.

म्हणजे बघा, घरी बसल्या मजुरी देण्याचा तो हुकूम अवघे पन्नास दिवस जगला. लोखंड्यांच्या अर्जाला उत्तर यायला बावन्न वर्षे लागली आणि इथे हुकूम जन्मून मावळायला पन्नास दिवस. मागे कायदा इतका सावकाश चाले की माणूस वाट पाहून थके. आता तो इतका पळतो की माणूस मागे धावून थकतो. दोन्हीकडे दम कष्टकऱ्याचाच लागतो.

त्या पन्नास दिवसांतही अर्थ लावण्याचा घोळ होताच. ३० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, असे म्हटले की जिथे काम सुरू करायला परवानगी आहे तिथे कामगाराने कामावर यावे. आपणहून न आल्यास मजुरी कापता येईल. ही नोंद ज्याला कळली नाही आणि जो २९ मार्चचाच हुकूम उराशी धरून घरी बसला, त्याचे नुकसान कोण भरून देणार? मालकांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. ज्या लहान दुकानदाराच्या गल्ल्यात आठवडाभर रुपया पडला नाही, त्याने पगार कुठून काढावा? १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नये, त्या पन्नास दिवसांच्या मजुरीबद्दल दोन्ही बाजूंनी बसून बोलावे आणि राज्याच्या कामगार खात्याने त्यांना मदत करावी. अहमदाबादची आठवण यावी असाच हा मार्ग. पण बोलायला बसायचे तर दोन्ही बाजू समोरासमोर हव्यात. मजूर चालत गावी गेलेला, मुकादमाचा फोन बंद, मग बोलणार कोण?

आपल्या भागातली खरी कसोटी इथेच लागली. धानाची मळणी आटोपली की आपल्याकडची हजारो माणसे, बायामुले धरून, मिरची तोडायला तेलंगणात आणि आंध्रात जातात. वजनावर मजुरी, काही ठिकाणी पैशाऐवजी मिरचीच पदरात. नेणारा मुकादम, शेत तिसऱ्याचे, व्यापारी चौथा. टाळेबंदीत ही माणसे तिकडे अडकली. त्यांच्या बाबतीत कायदा काय म्हणत होता? २९ मार्चचा मजुरीचा हुकूम बंद पडलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि शेतीचे काम तर बंदच नव्हते. म्हणजे तोडा सुरू असेपर्यंत मजुरी, तोडा संपला की काही नाही. घरी यावे तर राज्याची सीमा बंद, आणि गावाकडे निघालेल्या मजुरांना वाटेतल्या जवळच्या निवाऱ्यात थांबवून ठेवण्याची ताकीद त्याच २९ मार्चच्या हुकुमात दिलेली. एका हाताने मजुरी देणाऱ्या कागदाने दुसऱ्या हाताने वाट अडवली. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झाली.

मग माणसे पायी निघाली. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, रस्त्यावर नाके म्हणून रानातून. कोणी प्राणहितेच्या काठाकाठाने, कोणी आडवाटेने. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली एक बारा वर्षांची मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतावरून चालत येताना घराच्या जवळ पोचता पोचता गेली. ही एप्रिल २०२० ची गोष्ट. ८ मे रोजी करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. त्याआधी आठवडाभर मजुरांच्या खास गाड्या सुरू झाल्या होत्या. हुकूम होता, गाडी होती, पण दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

अशा मजुरांसाठी कायदा नव्हताच का? होता. १९७९ साली परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांचा कायदा झाला होता. पाच किंवा अधिक मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येकाला फोटो लावलेले पासबुक द्यावे, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, घर सोडल्याबद्दल भत्ता द्यावा, असे त्यात होते. पण मिरचीच्या शेतावर जाणाऱ्याच्या खिशात असे पासबुक क्वचितच दिसे. चाळीस वर्षे कायदा पुस्तकात होता. साथीच्या एका महिन्याने तो पुस्तकातच असल्याचे दाखवून दिले.

कायद्याने मजुराची बाजू राखली असेही घडले, ते सांगायला हवे. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांना बारा तास काम घेण्याची मुभा दिली होती आणि जादा तासांचे दुप्पट दराने पैसे देण्याची अट काढली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि जादा कामाचे पैसे द्यायला लावले. साथ मोठी खरी, पण तिचे निमित्त करून कामगाराचे तास वाढवता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. हा निकाल आपोआप आला नाही. एका मजूर संघटनेने अर्ज केला म्हणून आला.

आणि आपल्या जिल्ह्यात? इथे काही गावांना ग्रामसभांचा आधार होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूची वाहतूक परवानगी स्वतः देण्याचा अधिकारही. २०१४ साली महाराष्ट्रात पेसा कायद्याचे नियम झाले आणि पुष्कळ ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या. अशा ग्रामसभेत दर ठरावात लिहिलेला असतो, ठेकेदाराशी करार असतो, पुड्यांची नोंद गावच्या वहीत असते. हुकूम बदलला तरी दाखवायला कागद असतो. मिरचीला गेलेल्या आणि तेंदूला राहिलेल्या माणसात फरक पडतो तो हाच. दोघेही एकाच गावचे, एकाच घरचेही असतील. एकाची मजुरी वहीत आहे, दुसऱ्याची मुकादमाच्या तोंडात.

टाळेबंदी उठली पण कायद्याचे बदल थांबले नाहीत. २०२० च्या सप्टेंबरात, साथ जोरात असतानाच, संसदेने कामगारांविषयीच्या तीन संहिता मंजूर केल्या. वेतनाची संहिता २०१९ मध्येच झाली होती. एकोणतीस जुने कायदे या चार संहितांत सामावले गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यांत आपल्या कामाचे काय, ते थोडक्यात सांगतो.

रोजंदारीची मजुरी पाळी संपताच, आठवड्याची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडले वा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. नेमणुकीचे पत्र द्यावे लागते. मजुरी बुडाल्याची तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते, आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ही जमेची बाजू. आता खर्चाची बाजू : परराज्यातल्या मजुरांचे नियम पूर्वी पाच मजुरांपासून लागू होत, आता दहापासून होतात, आणि घर सोडल्याचा वेगळा भत्ता गेला. रोजगार हमीबद्दलही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्यात शंभराच्या जागी १२५ दिवसांची हमी आहे. म्हणजे जुने पाठ केलेले आता पुरणार नाही.

मग करायचे काय? मी काही वकील नाही, आणि प्रत्येकाने वकील व्हावे असेही म्हणत नाही. एक साधी सूचना करतो. गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत शंभर पानांची एक वही ठेवा. कामाचा, मजुरीचा, रेशनचा जो नवा हुकूम येईल त्याची त्या वहीत नोंद करा. नोंदीत चार प्रश्नांची उत्तरे हवीत. हुकूम कोणी काढला? तो कोणाला लागू? कोणत्या तारखेपासून? आणि कोणत्या तारखेपर्यंत, की मागे घेतला? त्या २९ मार्चच्या हुकुमाला हे चार प्रश्न लावून पाहा. काढला केंद्राच्या गृहमंत्रालयाने. लागू बंद पडलेल्या उद्योगांना आणि दुकानांना, चालू शेतीला नाही. सुरू २९ मार्च. संपला १७ मे. चार ओळी, पण त्या वेळी एवढ्या चार ओळी गावात लिहिलेल्या असत्या तर पुष्कळांची धावपळ वाचली असती. फोनवर आलेला निरोप वाचून पुढे ढकलण्यापेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे, कारण फोनवरच्या निरोपाला बहुधा तारीख नसते.

दुसरी वही बाहेर जाणाऱ्यांची. मिरचीला, विटभट्टीला, बांधकामाला जो जो जाईल त्याचे नाव, मुकादमाचे नाव व फोन, गाव, ठरलेला दर आणि उचल. सातवीआठवीतल्या मुलांना हे काम सहज जमते, आणि आपल्याच आईबापांची नावे लिहिताना ती चुका करीत नाहीत. पुढे हिशेबाचा वाद झाला, किंवा देव न करो पण पुन्हा सीमा बंद झाल्या, तर तहसीलदाराच्या टेबलावर ठेवायला गावाजवळ यादी असेल. २०२० साली कोण कुठे अडकले आहे हे शोधण्यातच पहिले कितीतरी दिवस गेले, हे विसरू नका.

गुरुजी, आणि बाई, हे ओझे तुमच्यावर टाकतो आहे याची मला जाणीव आहे. तुमच्यावर आधीच मतदारयाद्या आहेत, सर्वेक्षणे आहेत. पण गावात हुकूम वाचून त्याचा अर्थ सोप्या बोलीत, माडियात, गोंडीत सांगू शकेल असे माणूस किती घरी असते? १८८४ च्या त्या अर्जाखाली साडेपाच हजार सह्या झाल्या, त्याही कोणीतरी अर्ज वाचून दाखवला तेव्हाच झाल्या असतील. ते वाचून दाखवण्याचे काम आज तुमच्याकडे आले आहे.

साथ पुन्हा केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली की हुकूम बदलतील, दहादा बदलतील, हे मात्र नक्की. तेंदूची पाने तर दर वैशाखात येणारच आहेत. या हंगामात फळीवर पुडे मोजून द्याल तेव्हा मोजणाऱ्याला विचारा : दर किती, आणि पैसे कोणत्या तारखेला? उत्तर मिळाले की तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या आणि त्याची सही घ्या.